एरिट्रियाचं हवाई दल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आफ्रिकेच्या शिंगातल्या या छोट्या देशाच्या हवाई दलाबद्दल वाचकांकडून तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. काही अगदी प्राथमिक असतात, काही खोलात जाणारे. ते सगळे इथे एका जागी मांडले आहेत. एका उत्तरातला मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असेल, तर तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. एरिट्रिया नेमका कुठे आहे? आणि आफ्रिकेतला सर्वांत नवा देश तर दक्षिण सुदान ना?

बरोबर, सर्वांत नवा दक्षिण सुदानच. तो ९ जुलै २०११ ला जन्मला. एरिट्रिया त्याच्याआधीचा. २४ मे १९९१ ला स्वातंत्र्यसैनिक राजधानी अस्मारामध्ये शिरले, एप्रिल १९९३ मध्ये सार्वमत झालं, ९९ टक्क्यांहून जास्त लोकांनी स्वातंत्र्याच्या बाजूने कौल दिला आणि २४ मे १९९३ ला देश अधिकृतपणे स्वतंत्र झाला. तांबड्या समुद्राच्या काठावर, सुदान, इथिओपिया आणि जिबुती यांच्यामध्ये तो वसला आहे. क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या एक तृतीयांशाहून थोडं जास्त. स्वातंत्र्यानंतर तिथे एकदाही पूर्ण जनगणना झालेली नाही, त्यामुळे लोकसंख्येचे आकडे वाचताना जपून.

२. हवाई दल नसताना हे लोक तीस वर्षं लढले कसे?

हा प्रश्न हवाई दलाच्या आधीचा असला, तरी मी तो मुद्दाम वर घेतला आहे. पुढचं सगळं समजायला तो लागतो.

इथिओपियापासून स्वतंत्र होण्याचा लढा १ सप्टेंबर १९६१ ला सुरू झाला. समोर इथिओपियाचं हवाई दल होतं. आधी ते अमेरिकन विमानांवर पोसलं होतं, नंतर सोव्हिएत मिग लढाऊ विमानांवर. एरिट्रियन लोकांकडे एकही विमान नव्हतं, म्हणून त्यांनी अख्खं जगणंच रात्रीवर नेलं. ट्रक रात्री चालायचे, चूल रात्री पेटायची, दिवसा सगळं झाडाखाली किंवा दरीत. उत्तरेकडच्या नाकफा भागात त्यांनी डोंगर पोखरून खंदक खणले. ओरोटाच्या दरीत दवाखाना होता, तोही असाच लपवलेला. आज देशाच्या चलनाचं नावच 'नाकफा' आहे.

आकाशातलं विमान पाडता येत नसेल, तर ते जमिनीवर असतानाच गाठायचं, हे त्यांनी ओळखलं. मे १९८४ मध्ये त्यांच्या कमांडोंनी अस्माराच्या तळावर रात्री छापा घातला आणि उभी विमानं उडवून दिली. त्यांत सोव्हिएत नौदलाची इल्युशिन-३८ जातीची टेहळणी विमानंही होती.

फेब्रुवारी १९९० मध्ये त्यांनी मस्सावा बंदर जिंकलं. त्यानंतर इथिओपियाच्या विमानांनी त्या शहरावर नापाम (आग लावणारे) आणि क्लस्टर बॉम्ब टाकले. हे लक्षात ठेवा. आठ वर्षांनी 'क्लस्टर बॉम्ब' हा शब्द पुन्हा येणार आहे (प्रश्न ७ पाहा).

३. मग स्वतःचं हवाई दल कधी उभं राहिलं? पहिली विमानं कोणती?

स्वातंत्र्यानंतर लगेचच, १९९०च्या दशकाच्या पहिल्या अर्ध्यात. सुरुवात लढाऊ विमानांनी झाली नाही आणि ते शहाणपणाचं होतं. फिनलंडकडून रेडिगो ही पंख्याची शिकाऊ विमानं घेतली, चीनकडून वाय-१२ ही छोटी वाहतूक विमानं. मग इटलीकडून सहा एमबी-३३९ आली. ही दोन आसनी जेट विमानं. पुढे शिकणारा बसतो, मागे थोड्या उंच आसनावर शिक्षक, म्हणजे शिक्षकाला विद्यार्थ्याच्या डोक्यावरून समोरचं दिसतं. पंखांखाली बॉम्ब आणि रॉकेट लावायची सोय असते, त्यामुळे वेळ पडली तर हेच शिकाऊ विमान हल्ल्यालाही जातं. एरिट्रियावर ती वेळ फार लवकर आली.

४. वैमानिक कुठून आणले?

काही जण आधी इथिओपियाच्याच हवाई दलात होते. एरिट्रिया तेव्हा इथिओपियाचा भाग असल्याने अनेक एरिट्रियन तरुण अदिस अबाबाजवळच्या डेब्रे झेइत तळावर उडायला शिकले होते. बाकीचे नवे, स्वातंत्र्यानंतर घडवलेले. १९९८ मध्ये युद्ध पेटलं तेव्हा इथिओपियानेही जुन्या राजवटीतले, बाजूला पडलेले वैमानिक परत बोलावले. एकाच शाळेत शिकलेली माणसं सीमेच्या दोन्ही बाजूंना कॉकपिटमध्ये बसली होती.

इथे मला एक गोष्ट ठासून सांगायची आहे. विमान पैसे मोजले की मिळतं. उडवणारा, दुरुस्त करणारा, बॉम्बचा फ्यूज नीट लावणारा माणूस घडायला वर्षं लागतात. या हवाई दलाबद्दलचे निम्मे प्रश्न याच एका गोष्टीपाशी येऊन थांबतात.

५. मुख्य तळ कुठे आहे? नागरी विमानतळ आणि लष्करी तळ वेगळे आहेत का?

मुख्य तळ अस्मारालाच, आणि धावपट्टी प्रवासी विमानांसोबत सामायिक. किनाऱ्यावर मस्सावा आणि दक्षिणेला असाब इथेही विमानतळ आहेत.

अस्मारा समुद्रसपाटीपासून सुमारे २,३२५ मीटरवर आहे. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे हे शहर कळसूबाईच्या माथ्यापेक्षाही जवळजवळ सातशे मीटर उंच. तिथे हवा विरळ. इंजिनाला जोर कमी मिळतो, पंखांना उचल कमी मिळते, म्हणून विमान जास्त धावावं लागतं आणि वजन कमी न्यावं लागतं. खाली मस्सावाला उतरलात तर उंचीचा प्रश्न मिटतो, पण उन्हाळ्यात तिथली हवा इतकी तापते की तीही विरळच होते.

दुसरी अडचण भूगोलाची. अस्मारापासून इथिओपियाची सीमा शंभर किलोमीटरच्या आसपास आणि इथिओपियातलं मेकेले शहर सरळ रेषेत साधारण दोनशे. जेट विमानाला हे अंतर पाव तासाचं. धोक्याची सूचना मिळून वैमानिक विमानात बसेपर्यंत शत्रू डोक्यावर आलेला असतो. हे दोन्ही बाजूंना लागू पडतं.

६. ५ जून १९९८ ला नक्की काय झालं?

मेच्या सुरुवातीला बादमे या सीमेवरच्या गावाजवळ चकमक झाली आणि महिन्याभरात तिचं युद्ध झालं. ५ जूनला इथिओपियाच्या विमानांनी अस्माराचा विमानतळ बॉम्बफेकीने हादरवला, तर एरिट्रियाच्या एमबी-३३९ विमानांनी मेकेलेवर हल्ला केला. आधी कोणी सुरुवात केली यावर दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतात.

अस्मारावर आलेल्या एका इथिओपियन विमानाला जमिनीवरच्या तोफांनी पाडलं आणि त्याचा वैमानिक पकडला गेला (प्रश्न १५ पाहा). दुसऱ्या दिवशी मेकेलेवर गेलेलं एरिट्रियाचं एक एमबी-३३९ पडलं. परदेशी नागरिकांना अस्मारातून बाहेर काढता यावं म्हणून हल्ले काही तास थांबवावे लागले. त्यानंतर ११ जूनला एरिट्रियाच्या विमानांनी इथिओपियातल्या अदिग्रात शहरावर बॉम्ब टाकले.

७. मेकेलेच्या शाळेवर बॉम्ब पडले ते चुकून की मुद्दाम?

सर्वांत जास्त वेळा येणारा प्रश्न हाच, आणि दोन्ही बाजूंच्या लोकांकडून येतो. आधी झालं काय ते सांगतो.

हल्ल्याचं लक्ष्य मेकेलेचा विमानतळ होता. पण दोन विमानांचे बॉम्ब आयडर या वस्तीत, तिथल्या प्राथमिक शाळेवर आणि आसपास पडले. ते चिलीत बनवलेले सीबी-५०० जातीचे क्लस्टर बॉम्ब होते. असा बॉम्ब हवेत उघडतो आणि त्यातून शेकडो छोटे बॉम्ब मैदानभर विखुरतात. पहिल्या बॉम्बनंतर आईबाप आणि शेजारी मुलांना उचलायला शाळेकडे धावले, आणि त्या गर्दीवर पुन्हा बॉम्ब पडले. ५३ माणसं मेली, १८५ जखमी झाली. मेलेल्यांत आणि जखमींत शाळकरी मुलं होती.

युद्धानंतर हेगमध्ये दोन्ही देशांचा दावे आयोग बसला. त्याने २००४ मध्ये दिलेला निकाल थोडक्यात असा: एरिट्रियाने जाणूनबुजून वस्तीला लक्ष्य केलं, असं सिद्ध होत नाही. विमानतळ हे कायदेशीर लष्करी लक्ष्य होतं. पण नागरिकांना इजा होऊ नये म्हणून शक्य ती सगळी काळजी घ्यायला हवी होती, ती एरिट्रियाने घेतली नाही, म्हणून तो जबाबदार. वैमानिकांना लढाईचा अनुभव नव्हता, बॉम्बफेकीच्या संगणकात माहिती भरणारेही नवखे होते, आणि अशा हातांत क्लस्टर बॉम्ब देऊन त्यांना शहराच्या कडेला पाठवलं होतं.

म्हणून माझं उत्तर: मुद्दाम नाही, पण 'चुकून' म्हणून हात झटकण्यासारखंही नाही. ज्यांनी मस्सावात क्लस्टर बॉम्ब काय करतो ते स्वतःच्या अंगावर सोसलं होतं, त्यांना तो बॉम्ब पहिल्यांदा हाताळताना थांबायला हवं होतं. त्या देशाबद्दल मला मनापासून आपुलकी आहे, तरी हे मला पचवता आलेलं नाही.

८. मधल्या काळात हवाई हल्ले बंद होते असं वाचलं. ते कसं?

१४ जून १९९८ ला अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी मध्यस्थी केली आणि दोन्ही देशांनी एकमेकांवर हवाई हल्ले न करण्याचं मान्य केलं. जमिनीवर तणाव कायम होता, पण आकाश जवळजवळ आठ महिने शांत राहिलं. फेब्रुवारी १९९९ मध्ये इथिओपियाने एरिट्रियावर अदिग्रातच्या बॉम्बफेकीचा आरोप केला, एरिट्रियाने तो नाकारला, आणि दुसऱ्याच दिवसापासून युद्धाला पुन्हा तोंड फुटलं. ते आठ महिने दोघांनीही खरेदीत घालवले होते. त्याचं पुढे काय झालं ते खालच्या उत्तरात.

९. आफ्रिकेत मिग-२९ आणि सुखोई-२७ समोरासमोर आली होती, हे खरं आहे का?

खरं आहे. विमानवेड्या मंडळींना या युद्धाचं नाव माहीत असतं ते बहुतेक यामुळेच. एरिट्रियाने मिग-२९ घेतली, इथिओपियाने सुखोई-२७. दोन्ही सोव्हिएत घराण्यातली आणि एकाच पिढीतली. फेब्रुवारी १९९९च्या शेवटच्या आठवड्यात ती भिडली. सुरुवातीला दुरून डागलेली क्षेपणास्त्रं बहुतेक वाया गेली आणि लढत जवळ आली. त्यात एरिट्रियाने मिग गमावली. सुखोई-२७ मोठं विमान, इंधन जास्त, रडार ताकदवान, आकाशात जास्त वेळ थांबू शकणारं. मिग-२९ चपळ, पण त्याचा पल्ला कमी.

नेमकी किती पडली यावर दोन्ही बाजूंचे दावे जुळत नाहीत. एक संख्या ठामपणे सांगणारा लेख दिसला, तर तो कोणत्या बाजूचा दावा उचलतो आहे ते आधी पाहा. 'परदेशी वैमानिक लढले' ही चर्चाही अशीच. दोन्ही देशांनी परदेशी तंत्रज्ञ आणि प्रशिक्षक आणले होते. काही महिन्यांत हाती आलेलं नवं लढाऊ विमान त्यांच्याशिवाय चालूच शकत नाही.

त्या काळात एरिट्रियाच्या हवाई दलाचे प्रमुख मेजर जनरल हब्तेझिऑन हाडगू होते. युद्धानंतर एरिट्रियानेही सुखोई-२७ घेतली.

१०. इथिओपियाच्या बॉम्बफेकीचं काय? निकाल फक्त एरिट्रियाविरुद्धच लागला का?

नाही. असाबजवळच्या हारसिले इथे पिण्याच्या पाण्याचा साठा होता. त्यावरची इथिओपियाची बॉम्बफेक आयोगाने बेकायदा ठरवली, कारण वाळवंटी भागात लोकांचं पाणी हे युद्धाचं लक्ष्य असू शकत नाही.

मस्सावाजवळच्या हिरगिगो वीज केंद्राची गोष्ट मात्र वेगळी. मे २००० च्या अखेरीस, युद्ध संपत आलेलं असताना, इथिओपियाच्या विमानांनी ते फोडलं. आयोगाच्या बहुमताने हे वैध लष्करी लक्ष्य मानलं. वीज केंद्र बंदराला आणि नौदलाला बळ देतं, असा त्यामागचा विचार. त्या गरीब देशाने विजेवर केलेली ती सर्वांत मोठी गुंतवणूक होती, आणि दिवे लागण्याआधीच ती गेली. कायद्याचा तर्क मला कळतो, पण निकाल पटत नाही.

२००९ मध्ये अंतिम भरपाई ठरली: इथिओपियाला सुमारे १७.४ कोटी डॉलर, एरिट्रियाला सुमारे १६.३५ कोटी डॉलर.

११. संयुक्त राष्ट्रांच्या शस्त्रबंदीमुळे विमानं पडून राहिली का?

मोठा फटका बसला. मे २००० मध्ये दोन्ही देशांवर वर्षभराची शस्त्रबंदी आली होती. पण खरी लांबली ती दुसरी, फक्त एरिट्रियावरची: २३ डिसेंबर २००९ ते १४ नोव्हेंबर २०१८. सोमालियातल्या सशस्त्र गटांना मदत आणि जिबुतीशी सीमावाद ही तिची कारणं.

शस्त्रबंदी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर नव्या विमानांची खरेदी येते. लढाऊ जेट त्याआधीच थांबतं. त्याच्या इंजिनाला ठराविक तासांनंतर कारखान्यात जाऊन पूर्ण उघडावं लागतं. रबराची सीलं, टायर, संकटात वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या आसनातली स्फोटकं, सगळ्यांना मुदत असते. सुटे भाग आणि परदेशी कारागीर दोन्ही बंद झाले, की एका विमानाचे भाग काढून दुसरं उडतं ठेवायचं, एवढंच उरतं.

१२. राष्ट्राध्यक्षांचं विमान घेऊन वैमानिक पळाले, ही अफवा आहे का?

अफवा नाही. ऑक्टोबर २०१२ मध्ये हवाई दलाच्या दोन वैमानिकांनी राष्ट्राध्यक्षांसाठी वापरलं जाणारं छोटं विमान तांबड्या समुद्रापलीकडे नेलं, सौदी अरेबियात जिझानला उतरवलं आणि आश्रय मागितला. विमान परत आणायला पुढे हवाई दलातल्या एका महिला अधिकाऱ्याला पाठवलं. तीही परतली नाही. एप्रिल २०१३ मध्ये तिनेही तिकडेच आश्रय मागितल्याच्या बातम्या आल्या.

'यांना देशप्रेम नव्हतं का?' असं विचारणाऱ्यांनी तिथली राष्ट्रीय सेवा समजून घ्यावी. १९९५च्या कायद्यात ती १८ महिन्यांची आहे. १९९८च्या युद्धापासून तिला शेवटच राहिलेला नाही. तरुण मुलगा किंवा मुलगी बारावीला सावाच्या लष्करी छावणीत जाते, आणि सुटका कधी हे कोणी सांगत नाही. देशाबाहेर जायला वेगळा परवाना लागतो. १९९७ मध्ये मंजूर झालेली राज्यघटना आजवर अमलात आलेली नाही. दरवर्षी हजारो लोक पायी सीमा ओलांडतात. वैमानिकाकडे विमान असतं, एवढाच फरक. ज्या हवाई दलाला माणूस घडवायला वर्षं लागतात (प्रश्न ४ पाहा), त्याच्यासाठी असा प्रत्येक जण एका मिगपेक्षा मोठं नुकसान आहे.

१३. आज त्यांच्याकडे किती विमानं आहेत?

सरकार आकडे जाहीर करत नाही, आणि विचारायला स्वतंत्र वर्तमानपत्रही नाही, कारण ती सगळी सप्टेंबर २००१ मध्ये बंद झाली. इंटरनेटवरच्या याद्या बहुतेक आजवर खरेदी झालेल्या विमानांच्या असतात. खरेदी झालेलं, उभं असलेलं आणि उडणारं विमान या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. यादी पाठवून 'हे बरोबर आहे का' विचारणाऱ्यांना मी एवढंच सांगतो.

अस्माराचा तळ अजूनही निशाण्यावर येतो, हे मात्र नोव्हेंबर २०२० मध्ये दिसलं. उत्तर इथिओपियातल्या टिग्रे प्रांताच्या युद्धात तिथल्या सैन्याने अस्माराच्या दिशेने रॉकेटं डागली, आणि रोख विमानतळाकडे होता. असाबला संयुक्त अरब अमिरातींनी २०१५ पासून काही वर्षं तळ चालवला, तिथून येमेनच्या युद्धासाठी उड्डाणं होत होती. ती विमानं अमिरातींची. ती एरिट्रियाच्या खात्यात मोजू नका.

१४. भारताचा, मराठी माणसांचा काही संबंध येतो का?

येतो, दोन वेळा. १९४१ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये इटालियन फौजेविरुद्ध केरेनची लढाई झाली. चौथ्या आणि पाचव्या भारतीय डिव्हिजननी ती लढली आणि त्यांत मराठा लाइट इन्फन्ट्रीचे जवान होते. केरेनला आजही भारतीय सैनिकांचं स्मारक आहे.

दुसरा संबंध सीमेवरच्या संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचा (२०००-२००८), तिच्यात भारतीय जवान मोठ्या संख्येने होते. ५ ऑक्टोबर २००५ पासून एरिट्रियाने आपल्या आकाशात त्या सेनेच्या हेलिकॉप्टरना बंदी घातली. सीमेचा निवाडा २००२ मध्येच होऊन बादमे एरिट्रियाला मिळालं होतं, पण इथिओपिया ते सोडत नव्हता, त्याचा हा राग. त्याची झळ डोंगरातल्या चौक्यांवरच्या जवानांना लागली. आजारी माणसाला हेलिकॉप्टरने तासाभरात नेता यायचं, ते आता खाचखळग्यांच्या रस्त्याने न्यावं लागलं.

१५. १९९८ मध्ये पकडलेल्या इथिओपियन वैमानिकाचं पुढे काय झालं?

ते कर्नल बेझाबिह पेट्रोस. त्यांची गोष्ट विलक्षण, कारण एरिट्रियन लोकांनी त्यांना पकडायची ही दुसरी वेळ होती. १९८०च्या दशकात स्वातंत्र्ययुद्धात त्यांचं विमान पाडलं गेलं, ते बंदिवासात राहिले आणि युद्ध संपल्यावर सुटून घरी गेले. जून १९९८ मध्ये ते अस्मारावर पुन्हा आले आणि पुन्हा पडले.

युद्धानंतर दोन्ही बाजूंच्या युद्धकैद्यांची अदलाबदल झाली, त्यांत ते नव्हते. ९ जुलै २०१८ ला इथिओपियाचे पंतप्रधान अबिय अहमद आणि एरिट्रियाचे राष्ट्राध्यक्ष इसायास अफवेर्की यांनी अस्मारामध्ये शांततेच्या जाहीरनाम्यावर सह्या केल्या, आणि त्याच महिन्यात अदिस अबाबाहून प्रवासी विमान अस्माराच्या धावपट्टीवर उतरलं. वीस वर्षांनी भेटणारे नातेवाईक विमानतळावर एकमेकांच्या गळ्यात पडले. तेव्हा हा प्रश्न इथिओपियात पुन्हा विचारला गेला. कर्नल पेट्रोस कुठे आहेत, जिवंत आहेत की नाहीत, हे एरिट्रियाने आजवर जाहीरपणे सांगितलेलं नाही.